गणितात एकाच विषयात मुरावं, की दिसेल त्या दारात डोकवावं?

खडूफळा (धागाकर्ता)

मंडळी, नमस्कार.

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी सिनियर कॉलेजात मी गणित शिकवतो. येत्या जूनला २३ वर्षं होतील. परवा आमच्याच कॉलेजातून बी.एस्सी. करून गेलेली एक मुलगी घरी आली होती. पुण्यात एम.एस्सी. झाली, नेट निघाली, पीएच.डी.ला प्रवेशही मिळाला. गाईड नावाजलेले. तरी चेहरा उतरलेला. तिला नंबर थिअरी आवडते, टोपॉलॉजी आवडते, जुन्या गणितज्ञांची चरित्रं ती वाचते, ग्राफ थिअरीचं कोडं मिळालं की जेवण विसरते. गाईडनी पहिल्याच भेटीत सांगितलं, "हे सगळं आता बांधून ठेव. पाच वर्षं एकच विषय, एकच प्रश्न." निघताना तिने विचारलं, "सर, तुम्ही काय केलं होतं?"

तेव्हा मी चहाचं निमित्त करून विषय बदलला. ते मनाला लागून राहिलंय, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

माझी पीएच.डी. फिक्स्ड पॉइंट थिअरीतली. ज्यांचा हा विषय नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: एखादी क्रिया करूनही जो बिंदू जागचा हलत नाही, तो त्या क्रियेचा स्थिर बिंदू. गावाचा नकाशा गावातच जमिनीवर पसरला, तर नकाशावरचा एक बिंदू बरोब्बर त्याच्या खऱ्या जागेवर पडतो, आणि असा एकच बिंदू असतो. बानाखने १९२२ मध्ये हे सिद्ध केलं: क्रिया जर कुठल्याही दोन बिंदूंमधलं अंतर ठरावीक प्रमाणात आवळत असेल, आणि अवकाशात कुठे भोकं नसतील, तर स्थिर बिंदू असतोच, एकच असतो, आणि कुठूनही निघून तीच क्रिया करत राहिलं की आपण त्याच्याकडेच पोचतो.

आमच्याकडे तेव्हा फिक्स्ड पॉइंटची लाट होती. माहीत असलेलं प्रमेय घ्यायचं, एक अट थोडी सैल करायची, सिद्धता नीट बसवायची, शेवटी एक उदाहरण द्यायचं, पेपर पाठवायचा. मी असे नऊ पेपर लिहिले. एकही सिद्धता चुकीची नाही. एपीआयचे, म्हणजे प्राध्यापकाच्या कामगिरीचे, गुण मिळाले, बढती मिळाली. याच काळात मला नंबर थिअरीच्या एका वर्गाला बसायचं होतं. विद्यापीठात सांगण्यात आलं की तुमच्या प्रबंधाशी याचा संबंध नाही, वेळ वाया घालवू नका. मी बसलो नाही.

मग १२-१३ वर्षांपूर्वीची गोष्ट. एफ.वाय.चा वर्ग, शेवटचा तास. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला, फळ्याजवळ आला आणि म्हणाला, सर, कुठलीही चार अंकी संख्या सांगा, चारही अंक सारखे नकोत. त्याने अंक उतरत्या क्रमाने लावले, चढत्या क्रमाने लावले, वजाबाकी केली, पुन्हा तेच केलं, आणि शेवटी ६१७४ वर येऊन थांबला. दुसरी संख्या घेतली, पुन्हा ६१७४. "सर, असं का होतं?"

मी म्हणालो, "याला कापरेकर स्थिरांक म्हणतात, गंमत आहे," आणि हजेरी घेतली.

घरी जाताना गाडी चालवता चालवता लक्षात आलं. कुठूनही निघा, तीच क्रिया करत राहा, एकाच जागी पोचता, आणि तिथून हलत नाही. ज्या शब्दावर मी डॉक्टर झालो तीच वस्तू एका पोराने माझ्या फळ्यावर लिहिली होती, आणि मी ती ओळखली नाही. कारण गणिताच्या शोधनिबंधांना विषयाचा क्रमांक द्यावा लागतो, आणि माझा क्रमांक ४७एच१०. कापरेकरांची संख्या पडते ११ मध्ये, म्हणजे नंबर थिअरीत. त्या यादीत आज ६३ मुख्य विभाग आणि ६००० वर उपविभाग आहेत. मी त्यातल्या एका खोलीत पंधरा वर्षं राहिलो होतो.

त्या दिवाळीच्या सुट्टीत वही घेऊन बसलो. अंक मोठ्याकडून लहानाकडे अ, ब, क, ड धरले तर वजाबाकी येते ९९९ × (अ − ड) + ९० × (ब − क). म्हणजे संख्या कुठली हे महत्त्वाचंच नाही, फक्त दोन फरक महत्त्वाचे. पहिला फरक क्ष, दुसरा य. क्ष १ ते ९, आणि य शून्यापासून फार तर क्ष एवढा. मोजलं तर अशा जोड्या ५४. चारही अंक सारखे नसलेल्या, पुढची शून्यं धरून, ९९९० संख्या एका पावलात ५४ वर येऊन पडतात! त्या ५४ मी आखलेल्या पानावर लिहिल्या आणि बाणांनी जोडल्या. क्ष ६, य २ घेतलं की ५९९४ + १८० = ६१७४. सगळे बाण तिथे येतात, जास्तीत जास्त ७ पावलांत.

ज्यांच्या नावाचा हा स्थिरांक, त्या देवळालीच्या शाळेतल्या कापरेकर मास्तरांचं जन्मसाल १९०५ घालून बघा: ९३५१, ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६, ६१७४. पुरती सात पावलं लागतात.

ती सुट्टी माझ्या आयुष्यातली सगळ्यात सुखाची सुट्टी. आता त्या मुलीला काय सांगू? इथे शिकवणारे, शिकणारे, संशोधन करणारे बरेच आहेत. मनापासून लिहा.

पाटीपेन्सिल

सर, वाचून गलबलून आलं. माझा मुलगा अकरावीत आहे, जेईईचा क्लास लावलाय. मागच्या महिन्यात त्याने क्लासमध्ये विचारलं, अविभाज्य संख्या संपत का नाहीत? उत्तर मिळालं, "हे पेपरला येत नाही." तुमचा मुद्दा पीएच.डी.चा आहे, पण दारं बंद करायला आपण फार आधीपासून सुरुवात करतो.

हिमरेषा

सर, तुमचा अनुभव प्रामाणिक आहे म्हणूनच थोडं विरोधात लिहितो, राग मानू नका. मी जर्मनीत पोस्टडॉक (पीएच.डी.नंतरचं तात्पुरतं संशोधन) करतोय, तिसरं वर्ष. दर दोन वर्षांनी नोकरी शोधावी लागते. निवड समितीतली माणसं एकच विचारतात: असा कुठला प्रश्न आहे की ज्याचं नाव काढल्यावर लोकांना तुमचं नाव आठवतं? दहा विषयांत रस आहे म्हणून कोणी नोकरी देत नाही.

आणि हे फक्त पोटाचं नाही, गणिताचंच आहे. यितांग झांग हा गणितज्ञ घ्या. २०१३ मध्ये त्याने सिद्ध केलं की ज्यांच्यातलं अंतर ७ कोटींपेक्षा कमी आहे अशा अविभाज्य संख्यांच्या जोड्या कधीच संपत नाहीत. वय पन्नाशीच्या पुढे, एका विद्यापीठात साधा अध्यापक, त्याआधी काही काळ सँडविचच्या दुकानात काम केलेलं. त्याआधी काही वर्षं तो या एका प्रश्नाला चिकटून होता. त्याने वाट मोकळी केल्यावर इतरांनी ते अंतर २४६ पर्यंत खाली आणलं. पण ७ कोटी आधी आले, आणि ते एकाच ठिकाणी खोदत राहण्यातून आले.

दुसरं, कापरेकर. आपण त्यांना हौशी, चौफेर कुतूहलाचं उदाहरण म्हणून सांगतो. मला ते पटत नाही. जन्मभर ते अंकांच्या वागणुकीशिवाय दुसरं काही करत नव्हते. हे स्पेशलायझेशनच झालं, फक्त त्याला विद्यापीठाचा शिक्का नव्हता.

गोदाकाठ

हिमरेषा, कापरेकरांबद्दलचा तुमचा मुद्दा सोळा आणे खरा. मी नाशिकची, शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले. देवळालीच्या शाळेत ते १९३० ते १९६२ शिक्षक होते, आमच्या पिढीतल्या शिक्षकांना त्यांचं नाव घरच्यासारखं. जन्म डहाणूचा, शिक्षण फर्ग्युसनला, १९२७ मध्ये रँग्लर परांजपे पारितोषिक. पदव्युत्तर शिक्षण नाही, गाईड नाही. गणिती कोड्यांवर लिहिणाऱ्या मार्टिन गार्डनर यांनी १९७५ मध्ये अमेरिकेतल्या मासिकात लिहिलं तेव्हा जगाला कळलं. तोवर आपल्याकडचे बरेच विद्वान याला किरकोळ करमणूक समजत.

पण एक बघा. त्यांनी नावं कशी दिली! ज्या संख्येला तिच्या अंकांच्या बेरजेने भाग जातो ती हर्षद, आनंद देणारी. जी संख्या दुसऱ्या कुठल्याही संख्येत त्या दुसरीच्याच अंकांची बेरीज मिळवून तयार होत नाही ती स्वयंभू: २०, ३१, ४२ अशा. डेम्लो संख्या तर रेल्वे स्टेशनच्या नावावरून. ४५ चा वर्ग २०२५, आणि २० अधिक २५ पुन्हा ४५. खोदले एकाच ठिकाणी हे खरं, पण डोळे उघडे ठेवून. (धागाकर्त्या सरांसाठी: १९०५ च्या अंकांची बेरीज १५, आणि १९०५ भागिले १५ बरोबर १२७. जन्मसालही हर्षद निघालं.)

वऱ्हाडी_वाट

मी अकोल्याकडचा, शेतीच्या प्रयोगांचं संख्याशास्त्र शिकवतो. आमच्या विषयातलं एक उदाहरण या वादाला फार चपखल बसतं, म्हणून जरा पसरट लिहितो.

समजा कापसाच्या पाच जाती तपासायच्यात. शेताचा एक अंग ओलसर, दुसरा कोरडा, शिवाय उतार आडवा. एक जात सगळी ओलीकडे लावली तर निकाल खोटा. म्हणून शेताचे पाच गुणिले पाच वाफे पाडायचे आणि प्रत्येक जात प्रत्येक ओळीत एकदा, प्रत्येक उभ्या रांगेत एकदाच येईल अशी लावायची. याला लॅटिन चौरस म्हणतात. आता पाच खतंही तपासायची असतील, तर दुसरा लॅटिन चौरस पहिल्यावर असा बसवायचा की प्रत्येक जात-खत जोडी नेमकी एकदा यावी. पाचाला हे जमतं. सहाला?

थोर गणितज्ञ ऑयलरने १७८२ मध्ये ३६ अधिकाऱ्यांचं कोडं म्हणून हाच प्रश्न मांडला. सहाला जमत नाही असं त्याला वाटलं, आणि पुढे जाऊन त्याने अंदाज केला की १०, १४, १८, २२ अशांनाही जमणार नाही. सहाचं १९०० च्या सुमारास तारी यांनी एकेक शक्यता तपासून खरं ठरवलं. बाकीचं १७७ वर्षं कोणाला हलवता आलं नाही.

१९५९ मध्ये ते पाडलं तिघांनी: आर. सी. बोस, शरदचंद्र श्रीखंडे, आणि पार्कर. आधी बोस-श्रीखंडेंनी २२ चा चौरस बांधला, मग पार्करने १० चा, आणि मग तिघांनी मिळून सहाच्या पुढचे सगळे. न्यू यॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर बातमी आली. श्रीखंडे सर नागपूरला शिकलेले, पुढे मुंबई विद्यापीठात गणिताचं प्रगत केंद्र उभं करणारे. २०२० मध्ये गेले, वयाची शंभरी पार करून.

आता मुद्दा. बोस मुळात भूमितीचे. संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांनी त्यांना कलकत्त्याला संख्याशास्त्राच्या संस्थेत बोलावून घेतलं. तिथे शेतीच्या वाफ्यांचा प्रश्न पुढ्यात आला आणि त्यांनी त्याला सांत भूमिती, म्हणजे मोजक्याच बिंदूंची भूमिती, लावली. श्रीखंडे त्यांचेच विद्यार्थी. शेतकी प्रश्न, भूमितीचं हत्यार, ऑयलरचं कोडं. पण लक्षात घ्या, बोसांना भूमिती वरवर "आवडत" नव्हती, ती त्यांच्या हातात मुरलेली होती. म्हणून ती दुसऱ्याच्या शेतात चालली.

सह्यकडा

वरचा प्रतिसाद साठवून ठेवलाय. मी इंजिनियर, गणित फक्त आवड म्हणून. एक भाबडा प्रश्न: सर, तुमचं बानाखचं प्रमेय ६१७४ ला सरळ लावता येतं का? म्हणजे ५४ बाण न काढता?

मांडवी

गोव्यातून. या चर्चेत दामोदर धर्मानंद कोसंबींचं नाव अजून कसं आलं नाही?

जन्म १९०७, कोसबेन. हार्वर्डचे पदवीधर. मूळ काम विकलक भूमितीत (वक्र पृष्ठभागांची भूमिती), त्यावर कार्तान आणि चेर्न या मोठ्या भूमितीतज्ज्ञांबरोबर त्यांचं नाव आजही जोडून घेतलं जातं. १९४४ मध्ये जनुकांमधल्या अंतराचं सूत्र दिलं, ते जनुकशास्त्रात कोसंबींच्याच नावाने चालतं. भर्तृहरीची चिकित्सक आवृत्ती केली. १९५६ मध्ये भारताच्या इतिहासावरचं ते प्रसिद्ध पुस्तक. आणि नाणी! तक्षशिलेच्या आहत (ठसे मारलेल्या) नाण्यांचा साठा घेऊन एकेक नाणं तराजूत तोललं. नाणं हातोहाती फिरतं तसं झिजतं, म्हणजे जुन्या नाण्यांचं सरासरी वजन कमी होतं, आणि सगळी सारखी फिरत नाहीत म्हणून वजनांतली तफावत वाढते. चालू चलनातली नाणी तोलून हे आधी पडताळलं, आणि मग त्यावरून प्राचीन नाण्यांचा क्रम लावला. इतिहासकाराला हे सुचलं नसतं आणि निव्वळ गणित्याला नाण्यांशी कर्तव्य नसतं. पुण्याहून डेक्कन क्वीनने रोज मुंबईला टाटा संस्थेत जाणारा हा माणूस माझ्या मते आपल्या भाषेच्या मुलखातला सगळ्यात मोठा कुतूहलवेडा. त्या मुलीला सांगा, काही बांधून ठेवू नकोस.

हिमरेषा

मांडवीताई, कोसंबींबद्दल मलाही अपार आदर आहे. पण त्यांच्याच आयुष्यातलं दुसरं पान बघा. पन्नाशीत त्यांनी रीमान परिकल्पनेला, म्हणजे अविभाज्य संख्या कशा विखुरल्यात याबद्दलच्या न सुटलेल्या प्रश्नाला, हात घातला आणि १९५९ मध्ये त्यावरचा निबंध छापला शेतकी संख्याशास्त्राच्या नियतकालिकात. सिद्धता टिकली नाही, आणि गणितज्ञांमधलं त्यांचं वजन त्यामुळे घटलं. त्या प्रश्नात मुरलेलं कोणी शेजारी बसलेलं असतं तर? रुंदी एकट्याने पेलत नाही.

याउलट ती परिकल्पना ज्या शून्यांबद्दल आहे, म्हणजे रीमानचं फल जिथे शून्य होतं त्या जागांबद्दल, त्यांची दुसरी गोष्ट. १९७२, प्रिन्स्टनमध्ये दुपारचा चहा. मंटगमेरी या तरुणाने शून्यांमधल्या अंतरांचं एक सूत्र काढलं होतं. गणितज्ञ सर्वदमन चावला यांनी त्याची फ्रीमन डायसनशी ओळख करून दिली. डायसन भौतिकीतला. सूत्र ऐकताच त्याने ओळखलं: यादृच्छिक मॅट्रिक्सच्या (आकडे जणू सोडतीने भरलेल्या चौकोनी तक्त्याच्या) मूल्यांमधली अंतरं अशीच असतात, जड अणुकेंद्रांच्या ऊर्जापातळ्यांसाठी वापरतात तीच. ही गोष्ट सगळे "बघा, इतरांशी बोला" म्हणून सांगतात. पण डायसनने त्या मॅट्रिक्सवर आधी वर्षानुवर्षं घाम गाळला नसता तर त्या चहात त्याला काय ओळखू येणार होतं? मंटगमेरीने सूत्र शेवटपर्यंत नेलं नसतं तर दाखवायला काय असतं?

सह्यकडा, तुमचा प्रश्न भाबडा नाही. नेहमीचं अंतर, म्हणजे दोन संख्यांची वजाबाकी, धरलं तर कापरेकरांची क्रिया अंतर आवळत नाही, म्हणून बानाख लागत नाही. पण अंतर बदललं तर? समजा प्रत्येक संख्येला ६१७४ पर्यंत किती पावलं लागतात ते माहीत आहे. दोन वेगळ्या संख्यांमधलं अंतर असं ठरवा: दोघींपैकी जिला जास्त पावलं लागतात ती बघायची, आणि तितक्या वेळा २ चा गुणाकार करायचा. क्रिया एकदा केली की दोघींचंही एक पाऊल कमी होतं, ६१७४ मात्र जागच्या जागी. म्हणजे अंतर निदान निम्मं झालंच. बानाख लागला! हे फक्त ६१७४ पुरतं नाही. बेसागा नावाच्या पोलिश गणितज्ञाने १९५९ मध्ये सिद्ध केलं की क्रिया एकदा, दोनदा, कितीही वेळा केली तरी स्थिर बिंदू नेमका एकच राहत असेल, तर असं अंतर नेहमीच बांधता येतं.

खडूफळा (धागाकर्ता)

हिमरेषा, काल रात्री तुमचा प्रतिसाद वाचला आणि झोप उडाली. बेसागाचं प्रमेय मी संदर्भयादीत दोनदा दिलेलं आहे. कधी वापरलं नव्हतं.

एक शंका मात्र आहे. पावलं मोजण्याआधी सगळ्या संख्या ६१७४ ला पोचतात हे ठाऊक असायला हवं. म्हणजे जे सिद्ध करायचं तेच आधी धरलं. ५४ बाण काढावेच लागले.

हिमरेषा

बरोबर पकडलंत सर. यातून नवी सिद्धता मिळत नाही, "का" चं उत्तर मिळत नाही. बाण काढल्यावर एवढंच कळतं की ही क्रिया तुमच्या ४७एच१० च्या खोलीतलीच आहे. आणि हे मान्य करतो: इतकी वर्षं बेसागा माहीत होता, पण तो ६१७४ ला लावून बघावा असं तुमचा धागा वाचेपर्यंत मनातही आलं नव्हतं.

खडूफळा (धागाकर्ता)

दोन दिवस सगळ्यांचं वाचतोय. वऱ्हाडी_वाट यांचं "मुरलेलं हत्यार दुसऱ्याच्या शेतात चालतं" हे मला माझ्या आयुष्याला लावून बघावंसं वाटलं. नऊ पेपर लिहूनही मी वर्गात ६१७४ ओळखला नाही, मग माझं हत्यार मुरलेलं होतं का? मला वाटतं, नव्हतं. मी अटी सैल करत होतो, पण एकही क्रिया घेऊन, संख्या घालून, ती कुठे जाते हे वहीत बघितलं नव्हतं. एकाच खोलीत राहिलो म्हणजे खोली ओळखीची झाली असं नाही. गणितज्ञ श्रीराम अभ्यंकरांची आठवण होते. सिंग्युलॅरिटी (वक्राला जिथे टोक किंवा गाठ पडते ती जागा) सोडवण्याचा प्रश्न त्यांनी पंचविशीत हाती घेतला आणि शेवटपर्यंत सोडला नाही, यापेक्षा जास्त एकमार्गी कोण असणार! तरी अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात ते गणिताबरोबरच औद्योगिक अभियांत्रिकीचे आणि संगणकशास्त्राचेही प्राध्यापक होते, पुण्यात त्यांनी १९७६ मध्ये भास्कराचार्य प्रतिष्ठान ही गणिताची संस्था काढली, आणि आपलं सगळं काम शाळेतल्या बीजगणितातून येतं असं ते आवर्जून सांगत. बहुपदी हातात घेऊन आकडेमोड करणं त्यांनी कधी कमी प्रतीचं मानलं नाही. त्यांचा एकच प्रश्न आणि माझा एकच विषय यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि तो फरक मला हाताने केलेल्या कामातच दिसतो.

म्हणून त्या मुलीला मी कुतूहल बांधून ठेव म्हणणार नाही आणि गाईडचं ऐकू नकोस असंही म्हणणार नाही. आठवड्यातली एक संध्याकाळ दुसऱ्या विषयाची ठेव, पण त्या संध्याकाळी वाचून सोडू नकोस. वही काढ आणि एक गोष्ट शेवटपर्यंत नीट कर. नुसत्या वाचलेल्या दहा विषयांतलं काही दुसरीकडे नेता येत नाही.

तिसरी_ओळ

सर, मीच ती. मैत्रिणीने धागा पाठवला. रागावू नका, आधी सांगायला हवं होतं.

हिमरेषादादा, तुमचे प्रतिसाद दोनदा वाचले. गाईडही हेच म्हणत होते, पण त्यांच्या तोंडून ऐकताना मला फक्त "नको" एवढंच ऐकू आलं होतं.

शनिवारी संध्याकाळी वही काढली. तीन अंकांपासून सुरुवात केली. तिथे एकच फरक उरतो, वजाबाकी नेहमी ९९ × क्ष. त्या संख्येचे अंक लावले की पुढचा क्ष मिळतो: ९ वरून ८, ८ वरून ७, ७ वरून ६, ६ वरून ५, आणि ५ वरून ५. लहान क्ष एका उडीत वर जातात, १ वरून ९, २ वरून ८, ३ वरून ७, ४ वरून ६. म्हणून सगळं ४९५ वर येतं, जास्तीत जास्त ६ पावलांत. बाणसुद्धा नकोत, ही एक ओळच सिद्धता आहे. ९ आणि ८ मधलं अंतर १, पुढे ८ आणि ७ मधलंही १. अंतर आवळत नाही, तरी सगळे ५ वर थांबतात. बानाखची अट किती जास्त मागते हे पहिल्यांदा डोळ्यांनी दिसलं.

सोमवारी हे पान गाईडना दाखवलं. त्यांनी सगळं वाचलं, पाच मिनिटं काही बोलले नाहीत. मग विचारलं, "पाच अंकांना का होत नाही?"

गोदाकाठ

बाळा, पाच अंकांना स्थिरांक नाही एवढं आम्ही मुलांना सांगायचो. का, ते कधी सांगितलं नाही. झालं तर नक्की लिही.

तिसरी_ओळ

गोदाकाठ आजी, झालं! लिहिते.

पाच अंकांत मधला अंक वजाबाकीत निघून जातो, म्हणजे पुन्हा दोनच फरक, पुन्हा त्याच ५४ जोड्या. य शून्य नसेल तर चार अंकांत उत्तराचे अंक असतात क्ष, य − १, ९ − य, १० − क्ष. पाच अंकांत तेच, फक्त मधोमध एक ९ येऊन बसतो. सरांची (६, २) ची जोडी घातली तर ६१७४ च्या जागी ६१९७४ येतं. आणि ते थांबत नाही: ६१९७४, ८२९६२, ७५९३३, ६३९५४, पुन्हा ६१९७४. तो ९ सगळ्यांना फिरवत ठेवतो.

आता समजा एखादी संख्या थांबते. आधी य शून्य नाही असं धरू. सगळ्यात मोठा अंक ९ ठरलेलाच, म्हणून सगळ्यात लहान अंक ९ − क्ष. उरलेल्या अंकांपैकी हा कोण असू शकतो? १० − क्ष नाही. क्ष स्वतः नाही, कारण ९ विषम. उरतं य = क्ष, किंवा य = १० − क्ष. दोन्हींत अंकांचा संच एकच निघतो: ९, क्ष, क्ष − १, १० − क्ष, ९ − क्ष. सगळ्यात लहान अंक ९ − क्ष, म्हणून क्ष − १ त्याहून लहान नको, म्हणजे क्ष निदान ५. क्ष ५ असेल तर अंक ९, ५, ५, ४, ४, दुसरा फरक १, आणि हवा होता ५. जमत नाही. क्ष ६ किंवा जास्त असेल तर दुसरा फरक २क्ष − १०. पहिल्या शक्यतेत तो क्ष एवढा हवा, म्हणजे क्ष = १०, आणि १० हा अंकच नाही. य शून्य असेल तर उत्तरात ९ तीनदा येतात, आणि दुसरा फरक शून्य राहायला चार ९ लागतात. ते फक्त क्ष १ असताना होतं, पण तेव्हा अंक ९, ९, ९, ९, ० आणि पहिला फरक ९, म्हणजे तेही नाही.

उरली दुसरी शक्यता. तिथे २क्ष − १० बरोबर १० − क्ष हवं.

३क्ष = २०.